घरचा गोलकीपर

शनिवार-रविवारची संध्याकाळ झाली की हल्ली आमच्या ओट्यावर इंग्लंड उतरतं. माझा पुतण्या आणि त्याचे दोस्त पाण्याच्या तांब्याला मोबाईल टेकवून बसतात आणि तिकडच्या कुठल्याशा क्लबाच्या मॅनेजरची इकडे बोरी बुद्रुकमध्ये अब्रू काढतात. त्या माणसानं कुणाला खेळवलं आणि कुणाला बाकावर बसवलं, यावर परवा इतकी जुंपली की माझी बायको पिठाच्या हातानं बाहेर आली. एक म्हणत होता, "त्यो त्याच्या लाडक्यालाच घेतो राव. बाकीचे काय शेंगा फोडाय बसवलेत का?" दुसरा म्हणत होता, "लाडका न्हाई, शिस्तीत खेळतो म्हणून घेतो." मी आत खुर्चीवर पेपर तोंडापुढे धरून हसत होतो. या विषयात बोलायचा मला चांगला अधिकार आहे, पण पोरं मला विचारत नाहीत. आमच्या गावाचाही एक फुटबॉलचा संघ होता. त्याच्या मॅनेजरवरही लाडक्याला खेळवते असा आरोप होता, आणि तो लाडका मीच होतो.

मॅनेजर म्हणजे माझी सुमनआत्या, वडिलांची धाकटी बहीण. जुन्नरला मुलींच्या शाळेत ती खेळाची शिक्षिका होती. लग्न होऊन वर्ष व्हायच्या आत ती ट्रंक घेऊन परत आली. का आली हे तिनं सांगितलं नाही आणि आमच्याकडं असलं कुणी विचारत नाही. वडिलांनी एसटीच्या टपावरून ट्रंक उतरवून घेतली आणि मागच्या खोलीत नेऊन ठेवली, एवढंच स्वागत. त्या खोलीत आधी खताच्या गोण्या असायच्या. आत्या आल्यावर गोण्या पडवीत आल्या, आणि जाता-येता आईला त्यांची ठेच लागायला लागली. ठेच लागली की आई गोणीकडं असं बघायची की मागच्या खोलीतून आत्या म्हणायची, "वयनी, उचलून ठेवू का?" आई म्हणायची, "राहू द्या वन्सं." या दोन वाक्यांवर आमचं घर बरीच वर्षं चाललं.

आत्या दिसायला काडीसारखी, पण तिची शिट्टी नदीपलीकडं ऐकू जायची. सकाळी आमच्याकडं आधी आईच्या भाकरी थापण्याचा आवाज, मग डेअरीच्या गाडीचा हॉर्न आणि त्यावर आत्याची शिट्टी, अशी सुरुवात व्हायची. पुण्याला खेळशिक्षकांच्या कुठल्या शिबिराला गेली असताना तिला फुटबॉलनं धरलं. शाळेच्या मुलींना शिकवून तिचं समाधान होईना, म्हणून तिनं गावातली कबड्डी खेळणारी पोरं गोळा केली आणि आमच्या कांदा काढलेल्या वावरात बांबू रोवले. बाई पोरांना खेळ शिकवते याचं गावाला आधी हसू आलं. मग शेजारच्या गावाला हरवून आम्ही ट्रॅक्टरमधून गुलाल उधळत आलो, तेव्हापासून तिला सगळे मॅनेजरबाई म्हणायला लागले. त्या नावानं ती ताठ चालायची. तोवर गावात तिची ओळख परत आलेली पोरगी एवढीच होती, आणि ती ओळख कुणी तोंडावर सांगत नसलं तरी तिला बरोबर ऐकू यायची.

आता मी गोलकीपर कसा झालो ते सांगतो, कारण पुढं जे रामायण झालं ते यातूनच. आमच्या वावराच्या एका अंगाला रस्ता आणि दुसऱ्या अंगाला ऊस. गोल झाला की बॉल उसात जायचा. उसात बिबट्या असतो. ही आमच्याकडं सांगायची गोष्ट नाही; ज्याच्या उसात बिबट्या नाही त्यानं पाणी नीट दिलेलं नाही असं समजतात. ज्यानं गोल सोडला त्यानं बॉल आणायचा, हा आत्याचा नियम. त्यामुळं गोलात उभं राहायला कुणी तयार होईना. आत्यानं सगळ्यांकडं पाहिलं आणि मला म्हणाली, "ऊस आपला हाय, तू उभा राहा." शाळेतून आणलेले विकेटकीपरचे ग्लोव्हज तिनं माझ्या हातात चढवले. उसात शिरताना मी मोठ्यानं पाढे म्हणायचो, म्हणजे बिबट्याला कळावं की माणूस येतोय. सतरापर्यंतचे पाढे मला आजही झोपेत येतात ते त्यामुळंच.

गोलकीपर म्हणून मी कसा होतो? बॉल माझ्या अंगावर आला तर मी अडवायचो, म्हणजे बॉलच माझ्यावर अडायचा. बाजूनं आला तर मी उडी मारायचो, फक्त बॉल गेल्यावर. पण दर मॅचला मीच. संघात मिलिंद होता, माझ्याच वर्गातला, बौद्धवस्तीतल्या वायरमन काकांचा मुलगा. सुट्टीत तो वडिलांबरोबर गावातले दिवे आणि मीटर बघत फिरायचा. त्याचे हात गुडघ्याला लागायचे आणि उसातून बॉल आणायला त्यालाच काय ती भीती वाटायची नाही. एकदा माझ्या पायाला काटा लागला तेव्हा तो सरावाला गोलात उभा राहिला आणि संध्याकाळपर्यंत उसात कुणाला जावंच लागलं नाही. दुसऱ्या दिवशी मी लंगडत आलो आणि आत्यानं ग्लोव्हज पुन्हा मला दिले. मिलिंद माझ्यापुढं बचावाला उभा राहिला आणि मला म्हणाला, "तू फक्त बॉलच्या वाटंत येऊ नको, बाकी मी बघतो."

हे सगळं गावानं पाहिलं होतं, आणि त्यावर चर्चा करायची जागा म्हणजे आमचाच ओटा. रोज संध्याकाळी तिथं मंडळी जमायची. त्यात दोन पक्ष होते. एका पक्षाचे कोंडीभाऊ. गावच्या विकास सोसायटीच्या निवडणुकीला दरवेळी उभे राहायचे आणि दरवेळी पडायचे, त्यामुळं जगात जे काही चालतं ते पॅनेलमुळं चालतं अशी त्यांची खात्री झाली होती. दुसऱ्या पक्षाचा बबनदादा. त्याचा ट्रॅक्टर पारगावच्या कारखान्याला ऊस वाहायचा, त्याच्या घरी केबल होती, आणि वर्ल्डकपच्या मॅचेस बघून बघून तो हिंदीतून फुटबॉल बोलायला लागला होता. कोंडीभाऊ म्हणायचे, "भाचा हाय म्हणून घेतलाय. सरळ वशिला हाय." बबनदादा म्हणायचा, "भाऊ, गोलकीपर का आत्मविश्वास देखना पडता है." कोंडीभाऊ म्हणायचे, "आत्मविश्वास हाय, पण बॉल जातोय ना पायातनं." मी तिथंच उंबऱ्यावर बसलेलो असायचो. माझ्यासमोर बोलायला त्यांना काही वाटायचं नाही. आत आई चहा टाकायची, तो पितापिताच हे लोक तिच्या नणंदेला पक्षपाती आणि लेकाला बिनकामाचा ठरवायचे, आणि जाताना "वयनी, आज आलं लई मस्त पडलं व्हतं" असं सांगून जायचे. आईला ओट्यावरचं काही ऐकू जायचं नाही, कारण स्टोव्ह फरफरत असायचा.

मला मात्र हे लागायचं. एकदा तरी असा गोल अडवीन की कोंडीभाऊंची बशी हातातच राहील, असं मी रोज रात्री ठरवायचो. ओट्यावर वशिला हा शब्द आला की आत्या मागच्या खोलीचं दार हळूच लावून घ्यायची. एरवी जिच्या ओरडण्यानं गाईगुरं उठायची ती बाई दार एवढ्या हळू का लावते, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

मग पारगावच्या यात्रेचं बोलावणं आलं. यात्रेत फुटबॉलची मॅच, त्यांच्याविरुद्ध आपण, पंचक्रोशी बघायला येणार. आता गावाची इज्जत पणाला लागली म्हटल्यावर मारुतीच्या देवळात बैठक बसली. कोंडीभाऊ उभे राहिले. "मी कुनाचं नाव घेत न्हाई," असं म्हणून त्यांनी माझ्याकडं बघितलं. "पन संघ गावाचा हाय, एका घराचा न्हाई. सोसायटीत कसं आसतं? आळीवार जागा. कारखान्यात कसं आसतं? गटवार जागा. मंग फुटबॉलात का नको? परत्येक आळीनं, परत्येक मळ्यानं आपापला मानूस द्यावा. कुनाची वरड न्हाई, कुनाचा वशिला न्हाई." सगळ्यांना हे एकदम पटलं. आमच्याकडं भंडाऱ्याच्या पंगतीत कुणी भात वाढायचा आणि कुणी बुंदी, हेसुद्धा आळीवार ठरतं. त्याशिवाय काम न्याय्य झालं असं कुणाला वाटतच नाही. राखीव खेळाडूंचं काय, असं कुणी तरी विचारलं. कोंडीभाऊ म्हणाले, "ते स्वीकृत सदस्य. मागनं घेऊ."

आत्या खांबाला टेकून उभी होती. तिनं विचारलं, "गोलकीपर कुनी व्हायचं?"

कोंडीभाऊ उदारपणे म्हणाले, "त्यो तुमच्या मळ्याकडं. तुमच्या मळ्याची एक जागा, ती तुमी भरा. आमी त्यात बोट घालनार न्हाई."

म्हणजे ज्या बैठकीला लोक मला काढायला जमले होते, त्याच बैठकीनं मला ठराव करून गोलात उभा केला. आमच्या मळ्यात माझ्या वयाचं दुसरं कुणी नव्हतंच. बबनदादानं टाळ्या वाजवल्या. कोंडीभाऊंना आपण काय केलं हे घरी जाऊन जेवल्यावर लक्षात आलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी ते चहाला आले नाहीत. आत्याच्या चेहऱ्यावर मात्र ओझं उतरल्यासारखं काही दिसलं. आता भाच्याला का घेतला म्हणून तिला कुणी विचारणार नव्हतं.

मॅचच्या दिवशी आईसुद्धा निघाली. तिनं आजवर माझी एकही मॅच पाहिली नव्हती. मॅचच्या वेळी ती आम्हा सगळ्यांसाठी बेसनाच्या मासवड्या वळत असायची. यात्रा आहे, देवीचं दर्शनही होईल, म्हणून ती नवं लुगडं नेसून बबनदादाच्या ट्रॉलीत बसली आणि शेजारच्या बायकांना सांगायला लागली, "आमच्या ह्याला परत्येक म्याचला घेत्यात. एकदा पन बाहेर ठेवलं न्हाई." आत्या ट्रॉलीच्या कडेला बसून रस्त्याकडं बघत होती. कारखान्याच्या चिमणीतून धूर येत होता, आणि मळीचा वास गावाबाहेरूनच लागला.

आळीवार संघ कसा खेळतो हे पारगावच्या लोकांनी त्या दिवशी पाहिलं. वरच्या आळीची पोरं वरच्याच आळीला बॉल द्यायची. खालच्या आळीचा पोरगा मोकळा उभा राहून हात हलवायचा, तर वरच्या आळीचा त्याला ओळखच द्यायचा नाही. दोन्ही आळ्यांत त्या वर्षी पाटाच्या पाण्यावरून बिनसलं होतं, ते इथंही बिनसलेलंच राहिलं. आणि कोंडीभाऊंच्या आळीची सगळी तरणी पोरं भोसरीला कंपनीत. सुट्टी कुणालाच मिळाली नाही. आळीची जागा मोकळी कशी ठेवायची, म्हणून कोंडीभाऊ स्वतः उतरले. पोराची हाफपँट, वर बंडी आणि पायात कॅनव्हासचे बूट. "मी मधी थांबून लक्ष ठेवतो," असं त्यांनी आत्याला सांगितलं आणि खरंच ते थांबून राहिले.

पहिला गोल झाला तेव्हा मी आईकडं बघत होतो. ती पदर हलवून मला काही तरी खुणावत होती. दुसरा माझ्या पायांतून गेला. यात्रेच्या लाऊडस्पीकरवर एक वाचाळ माणूस होता, तो म्हणाला, "बोरीच्या गोलकीपरनं पारगावकरांचं पुन्हा एकदा मनःपूर्वक स्वागत केलेलं आहे." लोक हसले. मग बॉल आमच्या गोलाकडं येतोय आणि मी भलतीकडं पडलोय असं पाहून मधे लक्ष ठेवणारे कोंडीभाऊ धावत आले आणि त्यांनी बॉल दोन्ही हातांनी पोटाशी धरला, कोंबडी धरावी तसा. पंचानं शिट्टी वाजवली. कोंडीभाऊ म्हणाले, "आहो, गोल जात व्हता." पंच म्हणाला, "म्हणूनच." पेनल्टी. मी मनात म्हटलं, हाच तो क्षण. समोरच्यानं पाय उचलायच्या आत मी डावीकडं झेप घेतली, आणि मी जिथं उभा होतो बरोबर तिथून बॉल आरामात आत गेला. लाऊडस्पीकरवाल्यानं माझ्या झेपेचं कौतुक केलं.

मध्यंतराला आम्ही गूळ-शेंगदाणे खात खाली बसलो होतो. आत्या माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

"ग्लोव्हज काढ," ती म्हणाली.

"का?"

"काढ म्हनते ना."

मी काढले. तिनं ते बौद्धवस्तीच्या जागेवर आलेल्या मिलिंदला दिले. कोंडीभाऊ उठले आणि म्हणाले, "बाई, गोलकीपरची जागा तुमच्या मळ्याची ठरलीया. ह्यो त्या गटाचा न्हाई."

आत्या म्हणाली, "कोंडीभाऊ, तुमी पन बाहेर बसा." मग ती उरलेल्या पोरांकडं वळली. "आता ज्यो आपल्या आळीला बघून बॉल दील, त्याला घरापतुर चालत पाठवीन."

मी दोरीबाहेर येऊन कोंडीभाऊंच्या शेजारी बसलो. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. समोर बायकांत आई उभी होती आणि तिच्या शेजारणी तिच्याकडं बघत होत्या. मध्यंतरानंतर मिलिंदनं काय काय अडवलं हे मी पाहिलं, पण सांगणार नाही. मला अजून त्रास होतो. एक गोल आम्ही मारला, तो वरच्या आळीच्या पोरानं खालच्या आळीच्या पोराला दिलेल्या बॉलवर. तीन-एकनं हरलो. लाऊडस्पीकरवाला उरलेला वेळ गप्पच होता, त्याला बोलायला कुणी राहिलं नव्हतं.

परतताना ट्रॉलीत मी एका कोपऱ्यात, आई दुसऱ्या आणि आत्या तिसऱ्या. मधे मंडळींचा वाद चालूच. बबनदादा ट्रॅक्टरवरून मागं वळून म्हणाला, "बघा भाऊ, बाईनं सख्ख्या भाच्याला काढला. आता बोला वशिला." कोंडीभाऊंनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "मंग ह्ये पन बघायला पायजे, की त्या वायरमनच्या पोराला का घेतला. दर सुट्टीत बाईंच्या खोलीतला दिवा त्योच बघून जातो." मिलिंद त्यांच्या मांडीला मांडी लावून बसला होता. तो म्हणाला, "भाऊ, तुमच्या घरचा मीटर पन मीच लिहून नेतो. मंग तुमाला बी घ्यायचं का संघात?" सगळी ट्रॉली हसली, आमची तीन माणसं सोडून.

घरी आल्यावर आईनं चूल पेटवली. शेंगोळी केली, हुलग्याच्या पिठाची, लसणाचा वास घरभर. एरवी या वासानं मी पाटाआधी जाऊन बसतो. आम्ही चौघं जेवायला बसलो. आईनं वडिलांना वाढलं, मला वाढलं, स्वतःला घेतलं, आणि आत्याच्या ताटात पळी जरा जोरातच आपटली. वडील म्हणाले, "मीठ कमी हाय." आईनं मिठाचा डबा त्यांच्यापुढं सरकवला.

मग आई म्हणाली, "वन्सं, चारचौघांत पोराचा आसा पानउतारा करायचा व्हता, तर आधी न्यायचंच न्हाई."

आत्या खाली बघत होती. म्हणाली, "आज गावाचं पडलेलं तोंड बघवंना, वयनी."

मला राहवलं नाही. मी म्हणालो, "आत्या, खरं सांग. मी तुझा भाचा नसतो तर?"

"तर पैल्याच दिवशी काढला आसता," आत्या म्हणाली. क्षणभरसुद्धा थांबली नाही.

मी घास परत ताटात ठेवला. आई म्हणाली, "मंग येवढं दिवस का घेतला?"

आत्यानं ताट थोडं पुढं सारलं. "तुमच्या घरात ऱ्हाते, वयनी. तुमची खोली अडवलीया, तुमच्या हातचं खाते. तुमच्या पोराला बाहेर बसवून घरात कोनत्या तोंडानं येऊ? त्याला गोलात उभा केला की मला वाटायचं, चला, आपन कायतरी फेडतोय."

वडिलांनी भाकरी मोडायची थांबवली. आई आत्याकडं बघत राहिली. तिला राग आलाय की काय, हे मला ओळखता येईना.

"मला काय कळतं फुटबॉलातलं?" आई म्हणाली. "दर म्याचला घेत्यात म्हंजी चांगला खेळत आसंल, आसं मला वाटायचं. मी कधी म्हनलं व्हतं का त्याला घ्या म्हनून?"

"न्हाई."

"खोली मोकळी करा म्हनलं व्हतं?"

"न्हाई."

"मंग? ह्ये घर तुमच्या बापाचं हाय, वन्सं. तुमी हितं जलमल्या. बाहेरनं आलेली मी हाय. तुमी कुनाला काय फेडताय?"

आत्या ट्रंक घेऊन आली तेव्हा रडली नव्हती, त्यानंतरही मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी ती ताटावर बसून लहान पोरीसारखी रडली. गळ्यातली शिट्टी सारखी ताटाला लागून वाजत होती. वडील पाणी आणतो म्हणून उठले आणि बराच वेळ आलेच नाहीत. आईनं तिला थोपटलं वगैरे काही नाही. तिनं आत्याचं थंड झालेलं ताट ओढून घेतलं, त्यात गरम शेंगोळी घातली आणि पुन्हा पुढं ठेवलं. मग माझ्याकडं एकदा नीट पाहून तिनं हळूच विचारलं, "वन्सं, खरंच येवढा वाईट खेळतो का ओ ह्यो?"

आत्यानं पदरानं नाक पुसलं. म्हणाली, "लई वाईट, वयनी. तुमाला काय सांगू."

आईला हसू आलं. तिनं आवरायचा प्रयत्न केला, पण पेनल्टीला मी मारलेली झेप तिला आठवली असावी, कारण तिनं एक हात डावीकडं फेकून दाखवला. मग आत्याही हसली. मी माझं ताट उचललं आणि ओट्यावर जाऊन बसलो. आत दोघी थांबायचं नाव घेत नव्हत्या. आत्याचं हसणं मोठं होतं, शिट्टीपेक्षाही मोठं, आणि आमच्या घरात ते मी पहिल्यांदाच ऐकत होतो.